कवळीचं वर्ष

जानेवारी लागला की आमच्या हॅकर्स फोर्क गावच्या चौकात देवी उभी राहते. अंगात पायघोळ हिरवा झगा, डोक्यावर फोमचा काटेरी मुकुट, हातात पाटी. पाटीवर लिहिलेलं असतं, 'टॅक्स इथं भरा, पैसे लवकर मिळवा.' झग्याखाली शिकारीचे बूट आणि मुकुटाखाली पांढऱ्या मिशा. न्यूयॉर्कच्या समुद्रातली ती स्वातंत्र्यदेवी मिशीवाली नाही, आमची आहे. नाव अल्टन प्रुइट, वय एकोणसाठ.

मी वँडा. लोकांचे टॅक्सचे फॉर्म भरून देणाऱ्या कॉर्लिस यान्सीच्या दुकानाला लागून माझी लाँड्री आहे, मधली भिंत एकच. सोळा मशिनं आहेत, त्यांतली दोन कायम बिघडलेली. अल्टन कॉर्लिसचा नोकर, पण दर तासाला ऊब घ्यायला यायचा माझ्याकडं. अकरा नंबरच्या ड्रायरला पाठ लावून उभा राहायचा आणि उभ्या उभ्या लोकांचे टॉवेल घड्या करायचा. घड्या इतक्या वाईट की मला पुन्हा मोडून घालाव्या लागत. सांगितलं तर म्हणायचा, "फुकटात करतोय ना, मग नावं ठेवू नकोस."

बावीस वर्षं तो कपबशांच्या कारखान्यात होता. भाजायच्या आधी कप चकाकीच्या पातळ लेपात बुडवायचे, एवढंच काम. कारखाना बंद पडला, बायको मार्लिस गेली, मग संध्याकाळी चार तास शाळेची झाडलोट आणि जानेवारी ते एप्रिल दिवसा देवी. त्याला नाचता येत नव्हतं. पाटी वर खाली करायचा आणि थंडीनं पाय आपटायचा. येणाऱ्या जाणाऱ्यांना तो नाचच वाटायचा.

अल्टनला वर्षांचे आकडे आठवत नसत. तो वर्षांना नावानं ओळखायचा, आणि नाव असायचं त्या वर्षी टॅक्सच्या परत आलेल्या पैशांतून, म्हणजे रिफंडातून, जे घेतलं त्याचं. फ्रीजचं वर्ष. मार्लिसच्या दगडाचं वर्ष, म्हणजे तिच्या थडग्यावर नाव कोरलेला दगड बसवला ते. ट्रकच्या गिअरबॉक्सचं वर्ष. यात हसण्यासारखं काही नाही, आमच्या गावात निम्मी माणसं अशीच जगतात. पगार येतो तसा भाड्यात आणि पोटात जातो. वर्षातून एकदाच मोठी रक्कम हातात पडते, ती फेब्रुवारीच्या तोंडावर, तीही घरात पोर असेल तरच. मोडलेलं, अडलेलं, दुखणारं सगळं त्या दिवसाकडं डोळे लावून बसलेलं असतं.

दोन हजार सतराचं नाव त्यानं आधीच जाहीर करून टाकलं होतं. कवळीचं वर्ष.

त्याच्या तोंडात वरचे चार आणि खालचे पाच दात उरले होते, तेही नावाला. बोलताना हात तोंडावर जायचा. देवी असताना हातात पाटी, म्हणून ओठ घट्ट मिटलेले. मक्याचा पाव दुधात बुडवून खायचा आणि वर म्हणायचा, मला आवडतोच तसा. नदीपलीकडं एक दातांचा दवाखाना होता. सगळे दात काढून, वरची खालची कवळी बसवून एकोणीसशे डॉलर. त्याला हौस नव्हती. गरज वेगळीच होती.

कॉर्लिसच्या दुकानात दारालगत एक टेबल असतं. आलेल्या माणसाला बसवायचं, कागद बघायचे, कॉफी द्यायची, ही त्या टेबलावरची नोकरी. ती करणारी बाई पुढच्या हंगामाला नसणार होती. कॉर्लिस अल्टनला म्हणाली, "पुढच्या जानेवारीपासून टेबल तुझं. गावातला प्रत्येक माणूस तू ओळखतोस. पण तोंडाचं काहीतरी कर. लोक आपले कागद देताना समोरच्याच्या तोंडाकडं बघतात."

मी भिंतीपलीकडून ऐकलं आणि मला तिचा राग आला. पण खोटं तरी काय बोलली होती? अल्टनचा डावा गुडघा वाजत होता. दोन हिवाळे त्यानं त्या चौकात काढले होते, हा तिसरा. चौथा त्याला झेपणार नाही हे मला दिसत होतं आणि त्यालाही. दात काढल्यावर हिरड्या भरायला महिने जातात, तेव्हा पैसे वेळेवर आले तरच पुढच्या जानेवारीपर्यंत कवळी तोंडात बसणार. कवळी आली की टेबल, टेबल मिळालं की छप्पर. सगळा हिशोब इतका सरळ होता.

आणि पैसे येणार होते ते लेनीमुळं. लेनी त्याची नात, नऊ वर्षांची. त्याच्या मुलीचं, ट्विलाचं, घर सुटलं तेव्हा ती लेनीला बापाकडं ठेवून शहरात गेली. एका गोदामात खोकी भरायचं काम, आणि तिघीत मिळून एक खोली, तिथं पोर चालत नाही. दोन वर्षं होत आली होती. दर रविवारी फोन, महिन्यातून एकदा येणं. लेनी आजोबाच्या घरी राहते, त्याच्या हातचं जेवते, शाळेच्या कागदावर सही त्याची. म्हणून टॅक्सच्या फॉर्मवरही लेनी त्याची, आणि त्या एका नावामुळं रिफंड चार हजारांच्या वर जायचा.

आता आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला सगळे जमतात, टर्की खाऊन होते, गोडाचं ताट फिरतं, आणि मग कुणीतरी विचारतं, यंदा पोर कुणाच्या कागदावर? आई, बाप, आजी, मावशी, ज्याला त्या वर्षी जास्त नड असेल त्याच्या कागदावर पोर लावायचं. कायदा म्हणतो, पोर अर्ध्या वर्षाहून जास्त ज्याच्या घरी राहिलं त्याचंच. पण आमच्याकडं कायद्याच्या आधी स्वयंपाकघरातलं टेबल येतं. तिथं ठरलं की ठरलं, कुणी लिहून ठेवत नाही.

त्या हंगामाआधीच्या थँक्सगिव्हिंगला ट्विला आलीच नाही. गोदामात सणाची गर्दी, सुट्टी नाही. त्यामुळं विषय निघाला नाही.

जानेवारीत बातमी आली. कायदा बदलला होता. चोरांनी म्हणे खोटे फॉर्म भरून लोकांच्या नावावर पैसे लाटले, म्हणून ज्यांची कमाई थोडी आणि घरात पोरं, त्यांचे रिफंड सरकार पंधरा फेब्रुवारीपर्यंत रोखून धरणार. प्रत्यक्ष हातात पडायला सत्तावीस तारीख उजाडणार. ज्यांची कमाई चांगली त्यांचे पैसे नेहमीसारखे आले. चोर कुठला आणि शिक्षा कुणाला, असं मी कॉर्लिसला म्हटलं. ती म्हणाली, "मला नको सांगू, मी कायदा केला नाही." आणि तिनं काचेवर नोटीस लावली.

नोटीस वाचायला आत कोण जातो? चौकात देवी उभी होती, लोकांनी तिलाच धरलं.

रुडेल स्टाइल्स ट्रक थांबवून खिडकीतून ओरडायचा, "काय देवी, कौल कधी देताय? माझं टायर बसलंय."

"सत्तावीसचा आठवडा."

"पाटीवर तर लवकर लिहिलंय."

"पाटी कॉर्लिसची आहे. मी नुसता खांब आहे."

जेरिका म्हणून तीन पोरांची आई होती, शाळेच्या जेवणघरात कामाला. तिनं एकदा मागचा पुढचा विचार न करता उरलेली कॉफी त्याच्या झग्यावर फेकली. "लबाडा, खाली ठेव ती पाटी! माझ्या घराची वीज तोडायला येतायत, आणि तू इथं नाचतोयस!" अल्टन तसाच माझ्याकडं आला. मी झगा काढून मशिनात टाकला आणि तिला काय काय म्हणायचं ते म्हणून घेतलं. हा ड्रायरला टेकून लांब चड्डीवर उभा, डोक्यावर मुकुट तसाच. म्हणाला, "तिचं बरोबर आहे. मी पण फेकली असती. थंड होती तरी."

दुसऱ्या दिवशी जेरिका दिसताच त्यानंच तिला हाक मारली. "हे बघ, वीजवाल्यांना फोन करू नकोस. बिल घेऊन स्वतः जा, धाकटं पोर कडेवर घेऊन जा. फोनवर नाही म्हणायला काही लागत नाही, तोंडावर म्हणायला जड जातं. सत्तावीस तारीख सांग, आणि ती त्यांच्याच कागदावर लिहून घे." ती गेली, आणि तिला मुदत मिळाली. तेव्हापासून गावात पसरलं की देवीला विचारा. मग काय, दिवसभर गाड्या थांबायला लागल्या. घरमालकाला काय सांगू? गाडीचे कागद गहाण ठेवून पैसे उचलू का? गाडीच्या बाबतीत तो ठाम असायचा. "गाडी गेली तर काम गेलं. त्यापेक्षा महिनाभर बीन्स खा." मीसुद्धा माझा नियम केला. शाळेचे आणि कामाचे कपडे आणा, पैसे सत्तावीसनंतर द्या. रजया मात्र नंतर, मोठं मशीन सात डॉलर खातं.

आणि या सगळ्यात शहाण्यानं स्वतःचा फॉर्म भरला नव्हता.

दरवर्षी पहिल्या दिवशी भरायचा. या वर्षी म्हणाला, "मला कसली घाई? लवकर भरला काय, उशिरा भरला काय, पैसे सगळ्यांचे एकाच दिवशी सुटणार. आधी पैसे देणारी गिऱ्हाईकं जाऊ देत, मग कॉर्लिस माझा फुकटात भरेल." ऐकायला शहाणपणाचं वाटत होतं. मीही मान डोलावली. सगळ्या गावाला लवकर या, लवकर या म्हणून पाटी हलवणारा माणूस आठ फेब्रुवारीला आत जाऊन बसला.

नऊ तारखेला दुपारी तो माझ्याकडं आला तो टॉवेलला हात न लावता उभा राहिला. मी विचारलं, "काय झालं?"

"फॉर्म परत आला."

"म्हणजे?"

"लेनीचा सरकारी नंबर आधीच कुणाच्या तरी फॉर्मवर लागलाय. मशीन माझा घेतच नाही." मग आशेनं म्हणाला, "चोर असेल. हेच ते चोर, ज्यांच्यासाठी कायदा केला."

मला राहवलं नाही. "अल्टन, चोर कसला? तुझ्या पोरीशिवाय तो नंबर आहे कुणाकडं?"

 त्याला कळलेलं होतं, पण ते माझ्या तोंडून यायला हवं होतं.

कॉर्लिसनं त्याला सगळं उलगडून सांगितलं होतं. फॉर्म कागदावर छापायचा, सही करायची, लेनी त्याच्याच घरी राहते असं शाळेचं आणि दवाखान्याचं पत्र जोडायचं, पोस्टानं पाठवायचं. सरकार दोघांनाही चिठ्ठी पाठवील, पुरावा बघील, आणि निकाल अल्टनच्या बाजूनं लागेल यात तिला शंका नव्हती. वेळ लागेल. उन्हाळा, कदाचित त्याहून जास्त. आणि दुसऱ्या माणसाला घेतलेले पैसे दंडासकट परत करावे लागतील, वर दोन वर्षं पोराच्या नावावर काही मिळणार नाही. "आणि तो दुसरा माणूस कोण," कॉर्लिस म्हणाली होती, "हे मला सांगू नकोस. कळलं तर मी गप्प बसू शकणार नाही."

मी म्हटलं, "आधी फोन लाव. आत्ता, माझ्यासमोर. तुझी पोरगी आहे म्हणून काय तुझे दात खाणार?"

त्याची बोटं गारठलेली, फोन कानाशी धरवेना. त्यानं तो ड्रायरवर ठेवला आणि आवाज मोठा केला. म्हणून मी सगळं ऐकलं. न ऐकते तर बरं झालं असतं असं आजही वाटतं.

तो म्हणाला, "ट्विला, अगं एक विचारायचं होतं..."

"बाबा! मीच करणार होते तुला फोन. लेनी जवळ आहे का? नाही ना? तिला सांगू नकोस अजून. मला घर मिळालं."

"घर?"

"दोन खोल्यांचं, बाबा. खिडकीतून शाळा दिसते. मालक थांबायला तयार नव्हता, आणि रिफंड तर यंदा लटकवलेत मेल्यांनी. म्हणून मी इथल्या टॅक्सवाल्याकडून उचल घेतली, तेराशे. डिपॉझिट भरून टाकलं. बाकीचे आले की दोन महिन्यांचं भाडं. आता सुटणार मी त्या खोलीतून." मग तिचा आवाज बदलला. "बाबा, तू शब्द पाळलास. मला सारखं वाटत होतं, तू विसरला असशील. थँक्सगिव्हिंगला येता आलं नाही, आणि फोनवर विचारायची लाज वाटली."

अल्टननं माझ्याकडं पाहिलं. "कसला शब्द?" हे त्यानं तिला विचारलं नाही. ती स्वतःच बोलत राहिली.

"त्याच्या आदल्या थँक्सगिव्हिंगला टेबलावर म्हणाला होतास ना, यंदा मी लावतो, पुढच्या वर्षी तू लाव. मी त्याच भरवशावर होते. पण तुझ्या दातांचं काय, बाबा? तुझ्या एकट्याच्या कागदावर येतील ना तेवढे?"

"येतील," अल्टन म्हणाला.

"नक्की?"

"अगं येतील म्हटलं ना. शाळेचा पगार आहे, देवीचा आहे. येतील. भाड्याचा कागद नीट वाचून सही कर."

फोन बंद झाला. ड्रायर फिरत होता, त्यात कुणाच्या तरी पँटच्या खिशातली नाणी वाजत होती. मी जी सुटले ती सुटलेच. "सांगायचं होतंस की! तोंड शिवलंय का तुझं? लेनीला जेवू कोण घालतं? तापात रात्रीचा कोण बसतो? तू चौकात गारठून मरणार आणि ती शहरात खिडकीतून शाळा बघणार? कायदा तुझ्या बाजूनं आहे, माणसा!"

"आहे ना," तो म्हणाला. "तेच तर वाईट आहे."

"म्हणजे काय?"

"मी म्हणालो होतो, वँडा. आत्ता आठवलं. गिअरबॉक्सच्या वर्षी. तिनं विचारलं, यंदा कोण, आणि मी पाव चघळता चघळता म्हणालो, यंदा मी, पुढच्या वर्षी तू. तिला बरं वाटावं म्हणून म्हणालो. माझ्या डोक्यातून दुसऱ्या दिवशी गेलं. तिनं वर्षभर धरून ठेवलं." त्यानं मुकुट काढून हातात घेतला. "आणि ते शाळेचं पत्र. लेनी आईपाशी राहत नाही, माझ्यापाशी राहते. असं पत्र एकदा सरकारी पाकिटात गेलं की ते कुठंतरी राहणारच. ती पोरीला न्यायला येईल तेव्हा कुणीतरी तेच काढून तिच्या तोंडावर मारील. आणि डिपॉझिटचे तेराशे ती आणणार कुठून परत? घर जाईल. मग लेनी माझ्याचकडं. तिच्या जिवावर मी दात बसवू?"

मला उत्तर होतं. ट्विलानं जे केलं ते चूक होतं, आणि ते उघडकीला यायचं तर पुढंमागं येईलही. तो दात बसवून आत बसला तर दहा वर्षं जास्त जगेल, हेही खरं होतं. पण मी ड्रायर उघडून कपडे काढायला लागले, कारण त्याचे डोळे भरले होते, आणि इतक्या वर्षांच्या ओळखीत मी ते फक्त मार्लिसच्या वेळी भरलेले पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉर्लिससमोर बसला आणि म्हणाला, माझा एकट्याचा भर. दार उघडं होतं, मी कॉफीचं निमित्त करून उंबऱ्यात उभी राहिले. कॉर्लिसनं फॉर्मवरचं लेनीचं नाव काढलं. म्हणाली, "पोर लावलंच पाहिजे अशी सक्ती कुणावर नाही. फक्त आकडा बघ." तिनं पडदा त्याच्याकडं फिरवला. चारशे बारा डॉलर.

"पाठव," तो म्हणाला.

ती म्हणाली, "टेबल मी फार दिवस अडवून ठेवू शकत नाही, अल्टन."

"ठाऊक आहे."

त्यानं झगा चढवला, मुकुट घातला आणि चौकात गेला. गाड्या थांबतच होत्या. "सत्तावीसचा आठवडा," तो प्रत्येकाला सांगत होता.

सत्तावीस तारखेला सोमवार होता. सकाळी सातला मी दार उघडलं तर बाहेर रांग, प्रत्येकाच्या कवेत रजया, पांघरुणं, गाद्यांची खोळं. यावरून मला कळतं की पैसे आले. मोठी दोन्ही मशिनं दिवसभर थांबली नाहीत. ज्यांना मी पैसे नंतर द्या म्हटलं होतं ते सगळे आले, एकटा रुडेल सोडून, तो दुसऱ्या दिवशी आला. चौकात जो जाईल तो हॉर्न वाजवत जात होता. देवी, कौल खरा ठरला! जेरिकानं गाडी थांबवली आणि गरम सँडविच त्याच्या हातात कोंबलं. मांसाचं, जाड पावाचं. त्याला ते चावणं शक्य नव्हतं. त्यानं मान झुकवून घेतलं, ती जाईपर्यंत धरून उभा राहिला, आणि मग मला आणून दिलं. "खा तू. तिनं स्वतः केलंय."

त्याचे चारशे बारा त्याच आठवड्यात आले. त्यातून त्यानं एकाच माणसाच्या मापाचा पलंग घेतला, गादीसकट, तीनशे साठला. पांढरा, डोक्याकडं पुस्तकं ठेवायला फळी. दुकानदार घरपोच करायला शंभर मागत होता, म्हणून माझी व्हॅन.

एप्रिलमध्ये टॅक्सचा हंगाम संपला त्या शनिवारी आम्ही लेनीला पोचवायला गेलो. वाटभर ती बोलत होती, नव्या शाळेत वाद्यवृंद आहे म्हणे, ट्रम्पेट देतात म्हणे. अल्टन मधूनमधून "हो का?" म्हणत होता. त्याच्या मांडीवर तिची हिवाळ्याची बूटजोडी, मागे जागा नव्हती म्हणून.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. एक खोली पिवळी रंगवलेली, आणि खिडकीतून खरंच शाळा दिसत होती. ट्विला बारीक झाली होती, पण नीट उभी होती. तिनं बापासाठी मऊ शिजवलेल्या बीन्स आणि मक्याचा पाव केला होता, बाजूला वाडग्यात दूध. लेनी पलंगाच्या फळ्या मोजत होती, मी जमिनीवर बसून पान्यानं नट आवळत होते, अल्टन दुसरं टोक धरून वाकला होता. ट्विला दारात टेकून त्याच्याकडं बघत म्हणाली, "बाबा, तुझे दात? मला वाटलं, एव्हाना काढलेही असतील."

त्याचा एक हात मोकळा होता. तो तोंडावर गेला.

"दवाखान्यात म्हणाले थोडं थांबा," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी करू."

"नक्की ना?" ट्विला हसली. मग लेनीकडं वळून म्हणाली, "तुझा आजोबा पुढच्या वर्षी म्हणाला ना, की ते होतं. मला विचार."

पुढच्या वर्षी त्याच्या कागदावर कुणी नसणार होतं. पलंगाच्या वरून त्यानं माझ्याकडं पाहिलं, ओठ मिटलेले. मी मान खाली घातली आणि शेवटचा नट आवळला.